मांडीला पर्यायी शब्द

वेलांटीसरांना जगात दोनच गोष्टींची भीती होती, एक गांधीलमाशी आणि दुसरं अशुद्धलेखन. पहिलीने जीव जातो असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्याने जातो असं ते स्वतः उभा जन्म वर्गात सांगत आले होते.

त्यांचं पाळण्यातलं नाव आता त्यांच्या पेन्शनच्या कागदांनाच ठाऊक. शाळेत कुणाची पहिली वेलांटी चुकली की ते त्याचा डावा कान पिरगळत आणि दुसरी चुकली की उजवा, तेव्हा मुलांनी ठेवलेलं हे नाव कायमचं चिकटलं. निवृत्तीनंतर पिरगळायला कान उरले नाहीत, म्हणून सर दुकानांच्या पाट्यांवर, लोकांच्या लग्नपत्रिकांवर आणि घरात काकूंवर आले. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांनी वाण्याकडची यादी लिहिली की सर ती लाल पेनाने तपासून खाली गुण देत. जिरे आणि मिरे या दोन पदार्थांत काकू आयुष्यात कधी पास झाल्या नाहीत. शेवटी कंटाळून त्यांनी लिहिणंच सोडलं. हवं ते दुकानात जाऊन तोंडाने सांगत.

गांधीलमाशीचं प्रकरण मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. मागे एकदा शाळेच्या मैदानात एक चावली, तर सरांचं तोंड भोपळ्याएवढं झालं, घसा आवळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडले. तिथल्या अधीक्षक, ज्यांना सगळा गाव मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणे, त्यांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढच्या वेळी इतकाही वेळ मिळेल असं समजू नका. चावली की लगेच इंजेक्शन. उशीर झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही." हे इंजेक्शन म्हणजे एक जाडसर पेन. झाकण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोक दाबून धरायचं, आतली सुई आपसूक टोचते. शेंबड्या पोरालाही जमावं इतकं सोपं. पण ते गावातल्या औषधांच्या दुकानात मिळत नसे. ते दवाखान्यात असे, आणि दवाखाना रेल्वेच्या फाटकापलीकडे. ते फाटक मुळात बंद राहण्यासाठीच बांधलं आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं.

म्हणून दवाखान्याने औषधं पोचवायला ड्रोन घेतला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद काकूंना झाला. "फाटकाची कटकट गेली एकदाची," त्या म्हणाल्या, "आता औषध वरच्यावर येईल."

सरांनाही आनंद झाला, पण त्याचं कारण निराळं होतं. ड्रोनला भोंगा बसवणार होते. पेटी खाली उतरली की पुढे काय करायचं ते भोंगा सांगणार, आणि भोंग्याने काय सांगायचं ते ठरवायला समिती नेमली होती. डॉक्टरीणबाई अध्यक्ष, ड्रोन उडवणारा टकला अभियंता सचिव, आणि भाषेचे जाणकार म्हणून वेलांटीसर. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी सरांना बोलावलं होतं. सर इस्त्रीचा सदरा घालून आणि खिशाला लाल पेन लावून गेले.

पहिली बैठक नावावरच संपली. "ड्रोन म्हणजे इंग्रजीत मधमाशीचा नर," सर म्हणाले, "तोही आयतोबा. शिवाय त्या जातीशी माझं जमत नाही." मग त्यांनी 'खगयान' असं नाव दिलं. ते ड्रोनच्या पोटावर रंगवण्यात आलं. काकूंच्या तोंडात ते काही बसेना. त्या त्याला शेवटपर्यंत खग्रास म्हणत राहिल्या.

खरी जुंपली ती मांडीवरून. ड्रोनवाल्याने मजकुराचा मसुदा आणला होता. 'लाल कप्पा उघडा. पेनचं निळं झाकण काढा. नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरा. मग नाडी बघा.' सरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"मांडी?" ते म्हणाले. "अहो, मांडी घालून बसायचं असतं. चारचौघांत भोंग्यावरून ओरडायची नसते ती."

डॉक्टरीणबाई एरवी दिवसभर पेशंटना मांड्या दाखवायला सांगत. पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसलं की माणसाला वेगळं दिसू लागतं. त्या म्हणाल्या, "तेही खरंच. वरून पाहुणे येणार तपासणीला. त्यांच्या डोक्यावर हे यंत्र मांडी मांडी करत फिरायला लागलं तर बरं नाही दिसणार. मांडीला पर्यायी शब्द आहे का?"

"आहे ना. ऊरु. ऊ दीर्घ, रु ऱ्हस्व."

ड्रोनवाल्याने टक्कल खाजवलं. "सर, ऊर म्हणजे छाती ना? ऊर फुटेस्तोवर धावला म्हणतात, तो?"

"तो ऊर. हा ऊरु. शेवटचा उकार नीट ऐकला तर घोटाळा व्हायचं कारणच नाही."

"आणि नाही ऐकला तर? हे छातीत टोचलं तर माणूस जायचा, सर."

सर हसले. असं हसू ते नापास मुलांसाठी राखून ठेवत. "लोकांना कळावी म्हणून भाषा वाकवायची नसते," ते म्हणाले. "लोकांनी वाकून भाषा कळून घ्यायची असते."

डॉक्टरीणबाईंना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते इतिवृत्तात घ्यायला लावलं. मग लाल कप्प्याचा आरक्त कप्पा झाला, पेनची स्वयंसूचिका झाली आणि निळं झाकण नील शिरस्त्राण होऊन बसलं. नाडी तेवढी वाचली, कारण तो शब्द सरांच्या मते पुरेसा जुना होता. ड्रोनवाल्याने शेवटची एक विनंती केली. भोंग्याला जोडून दवाखान्यात एक माइक ठेवू या, म्हणजे तिकडे कुणाला काही समजलं नाही तर इथून थेट बोलता येईल. ती विनंती सरांनी उभी फाडली. ऐन वेळी कोण कसलं मराठी बोलेल याचा काय नेम? भोंग्यातून जाईल तो मंजूर मजकूरच. माइक बसवलाच नाही.

मजकूर सरांनी स्वतःच्या आवाजात म्हटला. एका बंद खोलीत त्यांनी 'ऊरूच्या' हा शब्द इतक्यांदा म्हटला की ध्वनिमुद्रण करणारा माणूस पंख्याकडे बघत बसला. घरी येऊन त्यांनी तो मोबाइलवर काकूंना ऐकवला.

"आवाज छान आलाय हो," काकू म्हणाल्या. "पण काय म्हणालात ते परत सांगा ना."

"परत काय? ऐकायला शीक जरा," सर म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

शेजारच्या वकिलांच्या फाटकावर एक पाटी होती, 'कुत्र्यापासून सावध रहा'. कुत्रं केव्हाच देवाघरी गेलं होतं, पाटी राहिली होती. कुत्रं गेलं याचं सरांना काही नव्हतं, पण त्या 'रहा' ने त्यांची झोप उडवली होती. 'राहा' हवं. रला काना. वकिलांना सांगून झालं, चिठ्ठी पाठवून झाली. वकील म्हणाले, "सर, कुत्रंच नाही तर काना कशाला?" असा युक्तिवाद सर ऐकून घेणाऱ्यातले नव्हते.

त्या दिवशी सकाळी वकील स्कूटरवरून कामाला गेलेले पाहून सरांनी स्टूल काढलं, काळ्या रंगाची डबी घेतली आणि बारीक ब्रश घेतला.

"अहो, नसत्या उचापती कशाला?" काकू ओट्यावरून म्हणाल्या. "पडाल बिडाल."

"काना देतोय, किल्ला सर करत नाहीये."

"पाटीमागून काहीतरी उडताना दिसतंय मला."

"माशा असतील."

माशाच होत्या. पण कसल्या, ते पाहायला सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतलाच नाही. त्यांनी पाटी हाताने सरळ केली, काना ओढला, थोडं मागे सरून आपलं अक्षर पाहिलं, आणि तेवढ्यात पाटीमागच्या पोळ्यातून निघालेल्या गांधीलमाशीने त्यांना मानेवर कडकडून डंख मारला.

सर स्टुलावरून उतरले ते घाबरलेले उतरले. अंगणापर्यंत स्वतःच्या पायांनी आले. तिथे त्यांना हातापायांना खाज सुटल्याचं जाणवलं, मग ओठ जड झाले, मग जीभ तोंडात मावेना. ते तुळईसारखे आडवे झाले. काकूंनी एका नजरेत ओळखलं. आत धावत जाऊन त्यांनी दवाखान्याला फोन लावला.

"गांधीलमाशी चावलीय ह्यांना! तुमचं ते खग्रास पाठवा!"

पलीकडे ड्रोनवालाच होता. त्याने काही विचारायच्या आत काकूंनी फोन आपटला आणि त्या बाहेर धावल्या. रुग्णवाहिका निघाली आणि रेल्वेच्या फाटकात अडकली. ड्रोन मात्र लगेच उडाला. त्याच वेळी दवाखान्याच्या मोठ्या खोलीत, वरून आलेल्या पाहुण्यांना डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या पडद्यावर ड्रोनच्या कॅमेऱ्यातून दिसणारं गाव दाखवत होत्या. "आता तुम्हाला प्रत्यक्ष प्रात्यक्षिकच बघायला मिळणार," त्या म्हणाल्या. हे सगळं सरांना नंतर समजलं. त्या घटकेला त्यांना फक्त आभाळ दिसत होतं आणि काकूंचा चेहरा.

घुंऽऽ आवाज करत ड्रोन अंगणावर येऊन थांबला. दोरीने पेटी खाली सोडली गेली. आणि मग आकाशातून वेलांटीसरांचा स्वतःचा आवाज घुमला.

"सावधान. खगयान अवतरत आहे. आप्तेष्टांनी परिघाबाहेर व्हावे."

काकू दचकल्या. खाली नवरा निपचित, वर नवरा बोलतोय. तेवढ्यात वकील, काहीतरी कागद विसरला म्हणून परत आलेले, कुंपणापाशी जमू लागलेल्या गर्दीतून डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून आत घुसले. "काय झालं वहिनी?"

"माशी चावली! ते काय म्हणतंय ऐका आधी!"

"पेटिकेचा आरक्त कप्पा उघडावा."

"अरक्त," वकील गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे ज्यात रक्त नाही तो. पांढरा." काकूंनी पांढरा कप्पा उघडला. त्यात कापूस निघाला. मग हिरवा उघडला, त्यात पट्ट्या. शेवटी वैतागून लाल उघडला तर त्यात ते पेन. सरांनी डोळे मिटून घेतले. आ, वकीलसाहेब, आ, त्यांना म्हणायचं होतं, उपसर्ग दीर्घ आहे. पण तोंडातून नुसती हवा आली, आणि तीही शिट्टीसारखी बारीक.

"स्वयंसूचिका हस्तगत करावी. नील शिरस्त्राण विलग करावे."

वकिलांनी हेल्मेट काढलं. ते निळंच होतं. काढून दोन्ही हातांत धरून ते प्रेतयात्रेला उभे राहावे तसे उभे राहिले. "कायदाच असेल तसा," ते पुटपुटले. काकूंच्या हातातल्या पेनचं झाकण मात्र हिसक्याने आपोआप निघालं, ते सरांचं नशीब.

"नारिंगी अग्र ऊरूच्या बाह्य पार्श्वी दाबून धरावे."

सरांनी तो उकार ऐकला. किती सुरेख लागला होता. आणि त्याच क्षणी पंख्यांच्या घरघरीत तो विरूनही गेला.

"उराच्या," काकू म्हणाल्या. "उराच्या म्हणजे छातीच्या. हे मला येतं!" त्यांच्या भेदरलेल्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क अभिमान चमकला. आयुष्यात पहिल्यांदा सरांचा एक शब्द त्यांना न विचारता कळला होता. "बाह्य म्हणजे बाहेरून. छातीवर बाहेरून. आणखी कुठून टोचणार?"

"छातीच," वकिलांनी दुजोरा दिला. "ऊर बडवणे म्हणतात ना."

काकू गुडघ्यावर बसल्या. त्यांनी पेन मुठीत घट्ट धरलं आणि ते नारिंगी टोक सरांच्या छातीवर, डाव्या बाजूला, आणलं.

'ध' चा 'मा' झाल्याची गोष्ट सर वर्गात फार रंगवून सांगत. एका अक्षराने माणूस मरतो बरं, असं म्हणून ते खडू टेबलावर आपटत. आता तोच प्रसंग त्यांच्या छातीवर चालून आला होता, आणि अक्षर त्यांनीच बदललं होतं. त्यांना भयंकर भीती वाटली. मरायची वाटलीच, पण त्याहून, ही बिचारी आपल्याला वाचवायला बसलीय आणि हिच्याच हातून आपण जाणार, आणि पुढे जन्मभर हिला वाटत राहणार की आपल्याला शब्द कळला नाही, याची वाटली. कळला नाही तिला? तिला काय कळायचं होतं त्यात? सरांनी होतं नव्हतं ते बळ एकवटून तिचं मनगट धरलं.

"घाबरू नका हो, मी आहे ना," काकू रडत म्हणाल्या आणि मनगट सोडवू लागल्या.

दवाखान्यात ड्रोनवाला पडद्यासमोर उभा राहून बोंबलत होता, "मांडीत! काकू, मांडीत!" पाहुणे त्याच्याकडे वळून बघत होते. भोंग्याला माइक नव्हता. त्याने घरचा फोन लावला. आतल्या खोलीत घंटा वाजत राहिली आणि काकू ओरडल्या, "वाजू दे मेल्याला!"

सरांनी दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. मग आणखी एक, आणखी एक.

"बघा, अजून शड्डू ठोकतायत!" काकूंचा बांध फुटला. "मरायला टेकलात तरी भांडायचंच का माझ्याशी? सकाळी सांगत होते ना, नसत्या उचापती नकोत!"

"झटके आहेत ते, वहिनी," वकील म्हणाले. "पाय धरतो मी." आणि ते सरांच्या गुडघ्यांवर मांडी ठोकून बसले.

"तदनंतर नाडी पाहावी," आकाशातून सरांनी शांतपणे सांगितलं.

नाडी. सरांनी वर पाहिलं. एवढा एकच सरळ शब्द त्यांनी त्या मजकुरात जिता ठेवला होता. त्यांनी मनगट सोडलं, हात कमरेकडे नेला आणि पायजम्याची नाडी ओढली. ती निरगाठीत अडकली.

"वहिनी, नाडी म्हणतोय तो," वकील म्हणाले, "आणि हे नाडीच सोडतायत. कपडे सैल करायचे असतील. श्वास अडकलाय ना."

काकूंनी पेन दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी गाठ सोडवली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना त्या गाठीची ओळख होती. नाडी सुटताच सरांनी पायजमा खाली ढकलला. 'आपली मांडी आपणच उघडी करणे' हा वाक्प्रचार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना अर्थासहित लिहून दिला होता, अर्थ, स्वतःची अब्रू स्वतःच चव्हाट्यावर मांडणे. तो त्यांनी आता वाक्यात उपयोग करून दाखवला. वकिलांसमोर, कुंपणापाशी जमलेल्या आळीसमोर, कॅमेऱ्यासमोर, आणि दवाखान्यातल्या पडद्याएवढी मोठी होऊन पाहुण्यांसमोर, त्यांची गोरी, केसाळ मांडी उघडी पडली. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं. आणि घशातून उरलीसुरली हवा बाहेर ढकलत, व्याकरणाच्या कुठल्याही नियमाची पर्वा न करता, ते म्हणाले,

"मां... डी."

काकूंनी दातांतलं पेन काढलं. "मांडी?" त्या म्हणाल्या. "मांडीत टोचायचंय? मग मांडीत म्हणायचं की!"

आणि त्यांनी ते पेन सरांच्या मांडीत असं खुपसलं की सरांच्या तोंडून आवाज निघाला. त्या दिवसातला तो त्यांचा पहिला स्पष्ट उच्चार होता. वर ड्रोन पहिल्यापासून मजकूर म्हणू लागला, "सावधान. खगयान अवतरत आहे," पण खाली कुणाचंच लक्ष नव्हतं. हळूहळू सरांच्या छातीत हवा जायला लागली. काकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि हुंदके देत त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिल्या.

सर दोन-तीन दिवस दवाखान्यात होते. तिथे डॉक्टरीणबाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं, की हे इंजेक्शन कपड्यावरूनही देता येतं, पायजमा सोडायची तशी गरज नव्हती. सरांनी भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी मात्र ते नीट ऐकून घेतलं.

बरं वाटल्यावर सर समितीपुढे गेले. इस्त्रीचा सदरा तोच होता, लाल पेन तेच होतं, पण खुर्चीत ते जरा एका बाजूला बसले, कारण मांडी अजून ठणकत होती. "मजकूर बदलायला हवा," ते म्हणाले. "ऊरु काढा. मांडी घाला."

डॉक्टरीणबाईंनी चहा मागवला. "सर, असं कसं? अहो, पाहुणे खूश होऊन गेले. तुमच्या मजकुराने एक जीव वाचला, तोही तुमचाच. यशस्वी झालेला मजकूर बदलतात का कुणी? ते चलच्चित्र आता सगळीकडे दाखवायचं ठरलंय. मांडीचा भाग तेवढा धूसर करून."

"मी मजकुरामुळे नाही वाचलो. मांडीमुळे वाचलो."

"पण सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी इतिवृत्त पुढे ओढलं, "लोकांनी वाकून भाषा कळून घ्यायची असते, असं तुम्हीच नाही का म्हणालात?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ड्रोनवाल्याने टक्कल खाजवत माइकचा विषय काढला, तो पुढच्या बैठकीवर ढकलला. शेवटी मोठी चर्चा होऊन तोडगा निघाला. ऊरु राहील, पण त्यापुढे एक वाक्य वाढवायचं. 'येथे ऊरु म्हणजे ऊर अभिप्रेत नसून ऊरु अभिप्रेत आहे.' आवाज सरांचाच. सर उठले, म्हणाले, माझा घसा अजून बरा नाही, आणि लंगडत घरी आले.

घरी काकू जमिनीवर बसल्या होत्या. भोवती सरांचे सगळे पायजमे पसरलेले. हातात धोब्याकडची ती न जाणारी काळी शाई आणि काडी. प्रत्येक पायजम्याच्या उजव्या मांडीवर, बाहेरच्या बाजूला, त्यांनी एक ठळक गोल काढला होता, आणि गोलात एक शब्द लिहिला होता.

"कपड्यावरून चालतं म्हणाल्या ना बाई," काकू मान वर न करता म्हणाल्या. "समितीचं समिती बघेल. मी घरी नसले आणि वकीलभावोजीच असले, तर त्यांनाही समजलं पाहिजे."

सरांनी एक पायजमा उचलला आणि चष्मा खाली घेतला. गोलात लिहिलं होतं, 'ईथे'. दीर्घ ई. जिथे ऱ्हस्व हवी तिथे, ठसठशीत, न धुतली जाणारी दीर्घ ई. वाण्याच्या शेवटच्या यादीनंतर काकूंनी लिहिलेला हा पहिला शब्द होता.

सरांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. काकूंनी तो जाताना पाहिला. त्यांच्या हातातली काडी थांबली.

"चुकलं का हो?" त्यांनी विचारलं.

सरांनी हात खिशावरून काढून त्या गोलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे. दुसऱ्या मांडीवरही काढ."